आटवलेलं पाणी

"अक्का, हिची नखं अशी का दिसतायत, बघा की."

स्वरूपा बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तांदूळ निवडत होते. ताट बाजूला ठेवून उठले, मैनेला उन्हात नेलं आणि तिची मूठ उघडली. नखं जांभळट दिसत होती. ओठांच्या कडेलाही करडी झाक होती. दीड महिन्याची पोर, रडत नव्हती की हातपाय झाडत नव्हती, नुसती पेंगत होती.

"गारठली असंल," मी म्हणाले. "टोपडं का घातलं नाहीस?"

"घातलंय की."

घातलेलं होतं. मी ते उगीच कानावर ओढलं आणि माझ्या भावजयीकडं नीट बघून घेतलं. सकाळपासून पोर माझ्या मांडीवर होती. दूध मी पाजलं, न्हाऊ मी घातलं. मला जे दिसलं नाही ते हिला तासाभरात कसं दिसलं? काय बघायचं ते आधीच माहीत असल्याशिवाय कुणी नखं बघतं का?

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी, हे आधीच सांगून टाकते. दुधातलं पाणी, डाळीतले खडे आणि माणसाच्या बोलण्यातली लबाडी मला लगेच सापडते, अशी माझी स्वतःबद्दल खात्री होती, आणि घरानंही ती मानून घेतली होती. चोविसाव्या वर्षी नवरा गेला आणि मी शिरोळ तालुक्यातल्या आमच्या मळ्यावर परत आले ती कायमची. आई-वडील गेल्यावर धाकट्या भावाला, भरतेशला, मीच वाढवलं. ऊस तो बघायचा, घर मी. अठरा वर्षं त्या घरात माझ्या नजरेतून काही सुटलं नाही, असं मी अभिमानानं सांगायची. याला आता तेवीस वर्षं झाली. आता असलं काही सांगत नाही.

स्वरूपा इचलकरंजीची. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी झाल्यावर पंधराव्या दिवशी तिच्या छातीत गळू झालं, चिरा द्यावा लागला आणि दूध आटलं. त्यानंतर ती गप्पच झाली. भिंतीकडं तोंड करून पडायची. बाळ रडलं तरी लगेच उठायची नाही. एकदा मी दूध पाजत असताना म्हणाली, "माझ्यापेक्षा तुमच्याकडंच बरी राहती ती." मी ते वाक्य लक्षात ठेवलं. बाळंतिणीचं मन हळवं असतं वगैरे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला ते बोलणं हळवं वाटलं नाही. अंग काढून घेतल्यासारखं वाटलं.

म्हणून डब्यातल्या दुधाचं सगळं मी हातात घेतलं. आमचं घर जैनांचं, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. मळ्यातल्या विहिरीचं पाणी मी दुहेरी फडक्यातून गाळायची, मग फडकं उलटं करून त्यातले जीव परत विहिरीत सोडायची. त्यानंतर उकळणं. बाळ-बाळंतिणीचं पाणी निम्मं होईपर्यंत आटवायचं ही आमच्या आईची पद्धत. पातेल्याला आतून खूण केलेली होती. त्या खुणेपर्यंत पाणी उतरल्याशिवाय मी चूल विझवत नसे. अंगणवाडीची बाई एकदा म्हणाली होती, "अक्का, तुमच्यासारखी स्वच्छता आख्ख्या गावात कुणी पाळत नाही." मी नको नको म्हटलं, पण चार ठिकाणी ते सांगितलंही.

संध्याकाळपर्यंत मैनेचे ओठ जांभळे झाले. भरतेशनं मोटारसायकल काढली, मी मागं बाळाला छातीशी धरून बसले आणि आम्ही जयसिंगपूरला दवाखान्यात गेलो. स्वरूपाचा चिरा अजून भरला नव्हता, ती घरी राहिली. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं, हृदयाला भोक असेल म्हणून फोटो काढले. भोक नव्हतं. चार दिवस आम्ही तिथं होतो. दूध मीच पाजत होते, दवाखान्यातल्या गरम पाण्यात कालवून. दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या गालावर रंग चढायला लागला. चौथ्या दिवशी ती माझं बोट धरून चोखत होती.

"काहीतरी पोटात गेलं असेल," डॉक्टर म्हणाले. "पाणी चांगलं उकळून देत जा."

मला राग आला. पाणी उकळायचं मला सांगतात! पण पुढं डोकं दुसरीकडंच चालायला लागलं. पोटात गेलं. म्हणजे कुणीतरी घातलं.

घरी आल्यावर मी हिशोब मांडला. दवाखान्यात मी होते, स्वरूपा नव्हती, पोर बरी झाली. घरी मी होते आणि स्वरूपाही होती, पोर निळी पडली. दिवसा माझ्याकडं, रात्री आईच्या कुशीत. मध्ये दुसरं कोण येतं? धुणंभांड्याची शालन अंगणातूनच परत जाते. भरतेश बाळाला हातात घ्यायलासुद्धा घाबरतो. उरली कोण? इतकं सरळ गणित मला आयुष्यात कधी सुटलं नव्हतं. त्यातलं काही चुकीचं असेल असं मनातही आलं नाही.

मी पाळत ठेवायला लागले. स्वरूपा न्हाणीत गेली की तिच्या उशीखाली हात घालायची. तिची पेटी उघडून बघितली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवरून आले तर ती मैनेला मांडीवर घेऊन चमच्यानं काहीतरी चाटवत होती. मला बघून चमचा पदराखाली गेला.

"काय आहे ते?"

"काय न्हाई अक्का."

"दाखव."

"घुटी हाय. आईनं धाडलीया. तुम्ही नको म्हणाल म्हणून..."

मी तिच्या हातातली वाटी हिसकावून घेतली, बोटानं चाटून बघितली. हळकुंड, वेखंड, आणखी काय काय उगाळलेलं. घुटीच होती ती, हे माझ्या जिभेला तेव्हाच कळलं. तरी मी वाटी मोरीत रिकामी केली. "नको म्हणाल म्हणून" हे शब्द मला पुरेसे होते. जी घुटी लपवून देते ती आणखी काहीही लपवून देईल.

आठवड्यानं मैनेची नखं पुन्हा काळवंडायला लागली. या वेळी मी स्वरूपाला काही बोलले नाही. भरतेश उसाला पाणी पाजत होता, तिथं बांधावर गेले.

"पोरगी परत निळी पडतीया," मी म्हणाले.

त्यानं खोरं टाकलं. "चल, जाऊ या दवाखान्यात."

"दवाखान्यात नेऊन बरी होईल. परत आणली की परत तेच. इथंच कायतरी होतंय. तुला दिसत न्हाई, मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

मी सांगितलं. सगळं गणित एकेक करून मांडलं. घुटीसुद्धा सांगितली, फक्त ती चाखून बघितली होती हे सांगितलं नाही.

भरतेशनं खोरं परत उचललं. "आई हाय ती तिची, अक्का."

"म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत न्हाई."

"मुलगी झाली म्हणून असं करंल ती?"

"मला काय माहीत? मी फक्त डोळ्यांनी बघितलेलं सांगतीया. आठ दिवस तिला माहेरी ठेव. पोर माझ्याकडं राहू दे. बरी झाली तर तूच काय ते समज."

त्यानं माझं कधी मोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वरूपाला म्हणाला, "चार दिवस आईकडं जाऊन ये. तुला विश्रांती मिळंल." ती म्हणाली, "मैनेला घेऊन?" तो म्हणाला, "न्हाई." मग ती माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं होतं ती भांडेल, आरडाओरडा करेल, आणि मग मला आणखी एक पुरावा मिळेल. तिनं नुसता बाळाच्या पायांना हात लावला आणि भरतेशच्या मागं गाडीवर बसली. निरपराध बाई अशी गुमान जाते का, असं मी मनात म्हणाले.

त्या दिवशी मी घर धुऊन काढलं. बाटल्या नव्या आणल्या. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, चांगलं उकळा, म्हणून आता निम्म्यावरही मी थांबले नाही. पातेल्यातलं पाणी पाव होईपर्यंत चूल पेटती ठेवली. तळाशी पांढुरका थर धरायचा, तो मी राखेनं घासून काढायची. दर तीन तासांनी दूध. दुसरं कुणी हात लावायचा नाही. भरतेशलासुद्धा मी बाटली धरू दिली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मैना उठलीच नाही.

म्हणजे श्वास चालू होता, पण हाक मारून, पायाला चिमटा काढूनही डोळे उघडेनात. सगळं अंग पाटीच्या रंगाचं झालं होतं. मी किंचाळले. भरतेश धावत आला. शेजारच्या मळ्यातली जीप मागितली आणि आम्ही थेट मिरजेला निघालो.

ती तासाभराची वाट मला अजून पाठ आहे. सबंध वाटेवर मी कोण, कोण, एवढंच शोधत होते. स्वरूपा तर इचलकरंजीला. शालनला मी चार दिवस अंगणातही येऊ दिलं नव्हतं. मग जीप चालवणाऱ्या भरतेशच्या मानेकडं बघत मनात आलं, हा तर नव्हे? माझ्या हातांनी वाढवलेला भाऊ. तो विचार मी चांगला नांदणी फाट्यापर्यंत मनात घोळवला. स्वतःचं नाव त्या यादीत घालायचं मला तोपर्यंतही सुचलं नव्हतं.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, डॉक्टर नदाफ. तिनं ऑक्सिजन लावला, थोडा वेळ थांबली, पोरीचा रंग बदलेना. मग तिनं सुई टोचून रक्त काढलं आणि नळी उजेडाकडं धरली. मीही बघितलं. रक्त लाल नव्हतं. काकवीच्या रंगाचं होतं.

"विष," मी म्हणाले. "विष घातलंय कुणीतरी माझ्या पोरीला."

डॉक्टरिणीनं माझ्याकडं लक्ष दिलं नाही. नर्सला कुठलंसं इंजेक्शन आणायला सांगितलं. निळंशार औषध होतं ते, शिरेतून हळूहळू सोडलं. मी पलंगाचा गज धरून उभी राहिले. पंधरा मिनिटं झाली असतील. मैनेच्या ओठांवर आधी राखेचा रंग आला, मग फिका, मग गुलाबी. ती कुरकुरली आणि मग मोठ्यानं रडली.

मग डॉक्टरीण आमच्यासमोर स्टूल घेऊन बसली.

"अंगावरचं दूध पिते का?"

"नाही. डब्यातलं."

"पाणी कुठलं?"

"मळ्यातल्या विहिरीचं," भरतेश म्हणाला.

"विहीर कुठं आहे? आजूबाजूला काय आहे?"

"उसातच. सखल कोपऱ्यात. शेजारी गोठा, शेणखताचा खड्डा."

"खत किती घालता?"

एरवी हे सांगताना त्याची छाती फुगायची, त्याच्याइतकं उसाचं टनेज कुणाला पडत नव्हतं. आता खाली बघून म्हणाला, "युरिया सगळ्यांपेक्षा जास्तीच असतो आमचा."

"ते खत जमिनीतून झिरपून विहिरीत येतं. नायट्रेट म्हणतात त्याला. ना रंग, ना वास, ना चव. मोठ्यांना सहसा लगेच काही होत नाही. पण इतक्या लहान बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू धरू देत नाही. तुमच्या भागातली मी पाहिलेली ही तिसरी केस."

"पण आमचं पाणी तसलं नसतंय," मी मध्येच म्हणाले. आवाज चढला होता माझा. "दुहेरी फडक्यानं गाळते मी. उकळते. नुसतं उकळत न्हाई, निम्मं होईस्तवर आटवते. हे चार दिवस तर पाव केलं."

ती हळू आवाजात म्हणाली, "पाव?"

"व्हय. कुणालाही विचारा. पातेल्याला खूण हाय."

"मावशी, तुमच्याकडं गुऱ्हाळ असतं ना?"

"असतंय."

"रस आटवल्यावर त्यातली साखर वाफेबरोबर उडून जाते का?"

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. गुळाच्या कायलीशी लहानपण गेलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही. तरी ती सांगत राहिली, समजावणीच्या सुरात. उकळल्यानं जंतू मरतात, खत मरत नाही. पाणी निम्मं केलं की खत दुप्पट दाट, पाव केलं की चौपट. जयसिंगपूरचे कागद बघून म्हणाली, तिथं बाळ सुधारलं कारण नळाचं पाणी होतं. घरी पुन्हा बिघडलं कारण...

"कारण मी," मी म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी."

ते खरं होतं. पण जे माहीत नव्हतं त्यावर मी गप्प कुठं बसले होते? जे माहीत नव्हतं त्यावर मी एका पोरीला घराबाहेर काढलं होतं. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. पुढं आठ दिवसांनी विहिरीचा नमुना तपासून आला. नायट्रेट पंचेचाळीसच्या आत हवं तिथं एकशे ऐंशी. आजूबाजूच्या सात विहिरींचंही थोड्याफार फरकानं तेच. तेव्हापासून प्यायचं पाणी आम्ही गावातल्या टाकीवरून आणायला लागलो, भरतेशनं खड्डा हलवला, खत निम्म्यावर आणलं. हे सगळं नंतरचं. त्या दिवशी भरतेश एवढंच म्हणाला, "मी जाऊन आणतो तिला."

"न्हाई," मी म्हणाले. "बोलले मी. जाणार पण मीच. तू पोरीपाशी बस."

दुपारच्या एसटीनं इचलकरंजीला गेले. यंत्रमागांच्या खडखडाटातल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दार स्वरूपाच्या आईनं उघडलं. "या" म्हणाली नाही, दारातून बाजूला मात्र झाली. स्वरूपा आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती. मला एकटीला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"जिती हाय न्हवं?"

"हाय. बरी हाय. मिरजेला दवाखान्यात हाय, सकाळी लई वाईट झालं हुतं, पण आता रंग आलाय. रडली पण."

तिनं डोळे मिटून घेतले. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. विहीर, खत, आटवणं. शेवटी म्हणाले, "तुझ्याकडून काय झालं न्हाई. माझ्याकडून झालं. आणि नाव मी तुझं घेतलं."

"म्हणजे मी न्हवे?" तिनं विचारलं.

"न्हवंस."

"नक्की?"

"डॉक्टरांनी रक्त काढून सांगितलंय."

"माझा हात, अंग, कायतरी लागून न्हाई ना झालं ते?"

मला कळेना. जिला स्वतःचं निर्दोषपण ठाऊक होतं तिनं हे तीनतीनदा का विचारावं? मी म्हणाले, "असं का विचारतीस?"

ती स्वतःच्या हातांकडं बघत म्हणाली, "तुम्ही असं बघत हुता माझ्याकडं की मलाबी वाटायला लागलं, मीच करत असणार. झोपंत. माझं मन न्हवतं ना तिच्यात तवा. मग मी पदराची पट्टी फाडून हात बांधून झोपायची. दातांनी गाठ मारायची. तुम्ही सकाळी पाणी तापवायला उठायच्या आधी सोडायची. तरी पोरगी निळीच पडली. मग म्हटलं, मला इथनं काढलंय तेच बरं झालं."

मी तिचे हात ओढून घेतले. दोन्ही मनगटांवर तांबडे वळ होते, ताजे. इथं तर बाळ नव्हतं जवळ.

"आता कशाला बांधतीस?"

"सवय लागलीया."

मला माफ कर, असं मी म्हणाले, पण बाहेर यंत्रमाग इतके खडखडत होते की तिला ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. पुन्हा म्हणायचं धाडस झालं नाही. ती उठली, पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि चप्पल घातली. मिरजेपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. ती खिडकीबाहेर बघत होती, मी तिच्या मनगटांकडं.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा मैना जागी होती. भरतेश उठून बाजूला झाला. नर्सनं बाळाला दुपट्यात गुंडाळून उचललं, "ही घ्या आई आली," म्हणत स्वरूपासमोर धरलं. पोर गुलाबी होती, मुठी चोखत होती. मला वाटलं, आता ही झडप घालून घेईल, घट्ट धरेल, आणि माझ्याकडं कधी बघणारही नाही. मी त्यालाच लायक होते.

स्वरूपानं हात पुढं केले नाहीत. दोन्ही हात मागं घेतले, वळून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "अक्का, घेऊ का?"